शिकाऱ्यांच्या पत्रावर सही करावी का? वायव्य कोलोरॅडोतून एक उत्तर

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्याहून डेन्व्हरला येऊन चार वर्षं झाली, पक्षी बघायचा नाद जुना, घरी शाकाहार, आणि इथल्या एका पर्यावरण गटात तुम्ही वर्षभर काम करताय. वायव्य कोलोरॅडोतल्या बीएलएमच्या, म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या, एका मोठ्या पट्ट्यावर कोणते कच्चे रस्ते गाड्यांना खुले ठेवायचे आणि कोणते बंद करायचे, याचा आराखडा सध्या ठरतोय. त्यावर एकत्र पत्र देऊया असा निरोप शिकाऱ्यांच्या स्थानिक संघटनेकडून आला आणि तुमच्या गटात दोन तट पडले. तुम्ही विचारलंय: ज्यांना प्राणी मारण्यात आनंद वाटतो त्यांच्या नावाशेजारी आपलं नाव लिहायचं का? लिहिलं तर आपण आपल्याच तत्त्वांवर पाणी सोडलं असं होत नाही का?

मी अठरा वर्षं याच भागात काम करते आहे. कागदोपत्री त्याला अधिवासाची पुनर्स्थापना म्हणतात. रोजच्या भाषेत सांगायचं तर कुंपणं, पाणवठे, तण, रस्ते आणि बैठका. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. सही करा, पण पत्राचा मजकूर त्यांच्यासोबत बसून लिहा, आणि त्याआधी एक अख्खा दिवस त्यांच्याबरोबर त्या जमिनीवर जा. का, ते नीट सांगावं लागेल, कारण नुसतं 'करा' म्हटल्याने तुमच्या गटातले दोन तट मिटणार नाहीत.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. प्राणी मारणं योग्य की अयोग्य, हा एक. या जमिनीचं पुढच्या वीस वर्षांत काय होणार, हा दुसरा. पहिल्यावर तुमचं आणि त्यांचं एकमत होणार नाही. माझंही सगळ्यांशी झालेलं नाही. पण हा आराखडा पहिला प्रश्न विचारतच नाही. कुठल्या प्राण्याचे किती टॅग, म्हणजे शिकारीचे परवाने, द्यायचे ते राज्याचा वन्यजीव विभाग ठरवतो. रस्त्यांचा निर्णय बीएलएम घेतं, आणि ते केंद्र सरकारचं खातं आहे. तुम्ही सही नाकारल्याने टॅगची संख्या कमी होणार नाही. गाड्या कुठल्या दरीत कुठवर शिरतील, एवढंच या कागदाने ठरणार आहे, आणि ते ठरायच्या वेळी तुमचा आवाज एकटा असेल की दुकटा, हे तुमच्या हातात आहे.

आपली अडचण थोडी भाषेचीही आहे. मराठीत 'शिकार' म्हटलं की डोळ्यांपुढे एक तर मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभे असलेले संस्थानिक येतात, नाही तर रात्री सर्चलाइट मारत ससे-भेकरं टिपणारी जीप. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यापासून आपल्या पिढीला शिकार म्हणजे गुन्हा एवढंच माहीत. इथे मात्र 'हंटिंग' आणि 'पोचिंग', म्हणजे चोरटी शिकार, हे दोन निराळे शब्द आहेत, आणि शिकाऱ्याला पोचर म्हणणं ही शिवी समजतात. इथला शिकारी राज्याकडे अर्ज करतो. त्याला ठरावीक भागासाठी, ठरावीक दिवसांसाठी, ठरावीक प्राण्याचा टॅग मिळतो. चांगल्या भागातला टॅग हवा असेल तर वर्षानुवर्षं पॉइंट साठवत थांबावं लागतं. १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी प्रशिक्षणाचा वर्ग पास करावा लागतो. एल्क, म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, मारून त्याचं खाण्याजोगं मांस रानात टाकून आलात तर तो गुन्हा. हे सगळं मी शिकारीची वकिली म्हणून सांगत नाही. समोरच्या माणसाला आपण मनात कुठल्या चित्रात बसवतोय ते तपासलं नाही, तर बैठकीत पहिल्या पाच मिनिटांतच ते त्याला कळतं.

माझं माहेर सिंधुदुर्गातलं. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भातात उतरली की ती खुंटीवरून खाली यायची. नळीत दारू घालायची, मग चिंधी, मग गजाने ठासायचं. मी लांबून बघायचे. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका बैठकीनंतर पार्किंगमध्ये एका गृहस्थांच्या पिकअपमध्ये तशीच बंदूक दिसली. कोलोरॅडोत सप्टेंबरात ठासणीच्या बंदुकीचा वेगळा सीझन असतो, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "गज कुठे ठेवता?" ते गृहस्थ वळून बघायलाच लागले. आत बैठकीत आम्ही दोन तास एकमेकांचं एकही वाक्य पुरतं ऐकून घेतलं नव्हतं. बाहेर त्यांनी मला तासभर सांगितलं की त्या डोंगराच्या कुठल्या धारेवरून एल्क पहाटे उतरतात, कुठला झरा पाच वर्षांपूर्वी आटला, आणि तो आटल्यावर जनावरांनी वाट कशी बदलली. तीस वर्षं तो माणूस तोच उतार पायी चालत होता. त्या झऱ्याची नोंद माझ्याकडच्या एकाही नकाशात नव्हती.

आता जमिनीबद्दल. भारतातून आलेल्या लोकांना सार्वजनिक जमीन समजावताना मी गायरान म्हणते. कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसलेली, सगळ्यांच्या हक्काची, आणि म्हणूनच कुणीही डोळा ठेवावा अशी. फरक आकाराचा आहे. बीएलएमकडे देशभरात सुमारे साडेचोवीस कोटी एकर आहेत, फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे केंद्राच्या वनखात्याकडे, १९ कोटींहून जास्त. एकट्या कोलोरॅडोत बीएलएमचे सुमारे ८३ लाख एकर. जानेवारी २०१७ मध्ये उटाहचे अमेरिकी संसदेतले सदस्य जेसन चॅफेट्झ यांनी पश्चिमेच्या दहा राज्यांतली मिळून ३३ लाख एकर जमीन विकण्याचं विधेयक मांडलं. पर्यावरणवाद्यांनी विरोध केला, तो अपेक्षितच होता. पण चॅफेट्झ यांचे फोन वाजत राहिले ते शिकारी आणि मासेमारी करणाऱ्यांच्या रागाने, आणि फेब्रुवारी उजाडता उजाडता त्यांनी विधेयक मागे घेतलं. जून २०२५ मध्ये उटाहचेच सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पाच्या विधेयकात पुन्हा लाखो एकर विकायची तरतूद घुसवली. पुन्हा तेच झालं: एका बाजूला डोंगर चढणारे, पक्षी बघणारे, नदीत होड्या घालणारे, दुसऱ्या बाजूला केशरी टोप्या घालणारे शिकारी. २८ जूनला ती तरतूद मागे घेतली गेली. यातल्या कुठल्याही एकाच गटाने हे एकट्याने घडवून आणलं असतं असं मला वाटत नाही. पश्चिमेतल्या बऱ्याच लोकप्रतिनिधींना पर्यावरण गटांची मतं आपल्याला मिळणार नाहीत हे गृहीतच असतं. शिकाऱ्यांची मतं ते गमावू शकत नाहीत.

एक उदाहरण तर थेट तुमच्या उपयोगाचं आहे. रेल्वे कंपन्यांना एकोणिसाव्या शतकात दिलेल्या जमिनींमुळे वायोमिंगसारख्या राज्यांत नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा झालाय, एक चौकोन सरकारी, एक खाजगी. दोन सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला कोपरा लागून असतील, तर एकातून दुसऱ्यात जाताना खाजगी जमिनीवरच्या हवेतून तुमचा खांदा जातो. हा अतिक्रमणाचा गुन्हा आहे का? २०२१ मध्ये मिसुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी वायोमिंगच्या एल्क माउंटनवर कोपऱ्यावर शिडी लावली आणि खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडे उतरले. जमीनमालकाने खटला भरला. मार्च २०२५ मध्ये केंद्राच्या दहाव्या सर्किटच्या, म्हणजे विभागाच्या, अपील न्यायालयाने निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने दिला, आणि कोलोरॅडो याच न्यायालयाच्या हद्दीत येतं. उद्या तुम्ही दुर्बीण गळ्यात अडकवून असा कोपरा ओलांडाल, तेव्हा त्यामागे त्या चौघांची शिडी आहे.

पैशाचा मुद्दा बैठकीत हमखास निघेल, म्हणून त्याची तयारी ठेवा. "सगळं संवर्धन आमच्या पैशावर चालतं," असं शिकारी म्हणतात. यात बरंच खरं आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के, पिस्तुलांवर १०. तो पैसा राज्यांच्या वन्यजीव विभागांना जातो, आणि राज्यांना आपला वाटा घालावा लागतो, जो बहुतेक ठिकाणी शिकारीच्या परवान्यांतून येतो. बदकांच्या शिकाऱ्यांना दरवर्षी डक स्टॅम्प, म्हणजे टपाल तिकिटासारखं एक सरकारी तिकीट, घ्यावा लागतो. १९३४ मध्ये तो एका डॉलरला सुरू झाला, आज २५ डॉलरला आहे, आणि प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा आणि गवताळ अधिवास विकत घेण्यासाठी किंवा राखण्यासाठी जातात. पण पूर्ण चित्र एवढंच नाही. आज बंदूक घेणारे कितीतरी लोक आयुष्यात शिकारीला गेलेले नसतात, कर मात्र तेही भरतात. आणि बीएलएम किंवा फॉरेस्ट सर्व्हिसचा कारभार मुख्यतः केंद्राच्या तिजोरीतून चालतो, म्हणजे तुमच्याही आयकरातून. मी भांडत बसत नाही. मी दरवर्षी डक स्टॅम्प विकत घेते आणि बैठकीला जाताना वहीच्या मुखपृष्ठाला लावते. तो कुणालाही घेता येतो, शिकार करायलाच हवी असं नाही. पक्षी बघणाऱ्या माणसाला २५ डॉलरमध्ये इतकी चांगली जमीन दुसरीकडे मिळत नाही.

आता ती एक गोष्ट, जिच्यासाठी मी एक दिवस जमिनीवर जा म्हणते.

प्राँगहॉर्न, काळविटासारखे दिसणारे प्राणी, तुम्ही पाहिले असतील. सेजब्रशच्या खुरट्या झुडपांच्या माळावर वाऱ्यासारखे धावतात, पण कुंपण आलं की उडी मारत नाहीत. अगदी क्वचित. ते तारेखालून घुसतात. जुन्या कुंपणांची सगळ्यात खालची तार काटेरी असते आणि जमिनीपासून वीतभरच उंच. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पंधरा-वीस जण अशी दोन मैलांची तार बदलायला गेलो होतो. रँचरची, म्हणजे तिथे गुरं पाळणाऱ्याची, परवानगी होती, गुरं अजून यायची होती. निम्मे शिकारी, निम्मे पक्षीवाले. कुठून सुरुवात करायची ते मी जीपीएसवर बघत होते. तेवढ्यात एक वयस्क शिकारी बाई तारेच्या कडेकडेने चालत गेल्या आणि एका जागी उकिडव्या बसल्या. तिथे तारेखालची माती घासून गुळगुळीत खोलगट झाली होती, आणि काट्यांना पांढऱ्या केसांचे पुंजके लटकत होते. प्राँगहॉर्नचा केस आतून पोकळ असतो, बोटांत चिमटला की गवताच्या काडीसारखा मोडतो. तार आणि पाठ यांच्यात एवढीच जागा. त्यांनी एक पुंजका काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "इथून सुरू करा. बाकीचं नंतर."

आम्ही काटेरी तार कापून गुंडाळली आणि बिनकाट्याची तार साधारण एक हात उंचीवर, म्हणजे १६ ते १८ इंचांवर ओढली. दुपारी वरच्या तारेची पाळी आली, तेव्हा आमच्यातल्या एका पक्षीनिरीक्षकाने पिशवीतून पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्ट्या काढल्या. मैलभरावर सेज ग्राउझ या कोंबडीसारख्या माळपक्ष्याची नाचायची जागा आहे, लेक म्हणतात तिला. वसंतात पहाटेच्या अंधारात नर तिथे उडत येतात, कमी उंचीवरून, आणि वरच्या तारेवर आपटून मरतात. पट्टी दिसली की ते तारेच्या वरून उडतात. हे त्या शिकारी बाईंना माहीत नव्हतं. तीस वर्षं त्या माळावर हिंडूनही नाही, कारण त्या येतात ऑक्टोबरात आणि ग्राउझ नाचतात मार्च-एप्रिलमध्ये. त्यांनी उरलेल्या सगळ्या पट्ट्या स्वतः लावल्या. खालची तार एकीने शिकवली, वरची दुसऱ्याने. त्या दिवशी शिकारीवर एक अक्षर कुणी बोललं नाही, कुणी बंदी घातली होती म्हणून नव्हे, हात रिकामे नव्हते म्हणून.

मूळ आराखड्याकडे येते. रस्त्यांच्या बाबतीत तुमचं आणि त्यांचं हित आश्चर्य वाटावं इतकं जुळतं, पण कारणं वेगळी आहेत आणि ती कारणं पत्रात वेगवेगळी लिहिलेलीच बरी. ईशान्य ऑरेगॉनमधल्या स्टार्की प्रायोगिक जंगलात एल्कना कॉलर बांधून वर्षानुवर्षं अभ्यास झाला आहे. एटीव्हीचा, म्हणजे रानात चालवायच्या छोट्या चारचाकी गाडीचा, आवाज आला की एल्क सर्वात लांब सरकतात. दर फाट्यावरून गाडी आत जाऊ शकली, तर शिकारीचा सीझन सुरू होताच कळप सार्वजनिक जमीन सोडून खाजगी रँचवर जाऊन बसतात. तिथे शिकाऱ्याला प्रवेश नाही, आणि रँचरच्या गवताच्या गंजीही जातात. म्हणून पायी शिकार करणाऱ्याला आतले फाटे बंद हवे असतात. तुम्हाला ते बंद हवेत ते ग्राउझच्या लेकसाठी, हिवाळ्यात अशक्त झालेल्या म्यूल डिअर या हरणांसाठी, आणि गाडीच्या चाकांबरोबर पसरणारं चीटग्रासचं तण थोपवण्यासाठी. एकच फाटक, चार कारणं.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्याला बोचणारी आहे. एल्क सायकलींपासूनही दूर जातात, आणि पायी चालणाऱ्यांपासूनही. आपण कॅमेरा घेऊन हळूच गेलो म्हणजे काहीच बिघडलं नाही, हे खरं नाही. शिकाऱ्यांनी हा मुद्दा काढला, तर तो नाकारू नका. उलट पत्रात लिहा की हिवाळ्यातल्या बंदीत पायवाटाही येऊ द्यात. स्वतःवर बंधन घालून घेतलेला माणूस बैठकीत वेगळा दिसतो. माझ्या अनुभवात या एका वाक्याने जेवढा विश्वास मिळाला, तेवढा दुसऱ्या कशानेही मिळाला नाही.

आता जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. 'शिकारी' ही एक जात नाही. पायी जाणारे, घोड्यावरून जाणारे आणि एटीव्हीवाले यांचं एकमेकांत पटत नाही. सत्तरीतला, गुडघे गेलेला शिकारी रस्ता बंद करायला विरोध करेल, आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. अशा वेळी मुख्य रस्ता चालू ठेवून आतले आंधळे फाटे बंद करणं, किंवा फक्त १ डिसेंबर ते वसंतापर्यंत बंद ठेवणं, असे मार्ग निघतात. तुमच्याकडे आलेली संघटना यातली कुठली, ते आधी विचारा. पूर्वी तिने कशाकशावर पत्रं दिली तेही वाचा. संघटना नावापुरती असेल आणि मागे खाणीचा किंवा वाहन-विक्रेत्यांचा पैसा असेल, तर थांबा. कायोटी, म्हणजे इथले कोल्ह्यासारखे प्राणी, मारायच्या स्पर्धा भरवणाऱ्यांसोबत मी स्वतः बसत नाही. कोलोरॅडोत राज्य आयोगाने २०२० मध्ये अशा स्पर्धांवर बंदी घातली, पण त्या बंदीवर चरफडणारे लोक आहेत. आणि तुमच्या गटातल्या कुणाला आधी धमक्या वगैरे आल्या असतील, तर त्या व्यक्तीला या टेबलावर बसायचा आग्रह मुळीच करू नका.

मतभेदांचं काय करायचं? लपवायचे नाहीत. आमच्या भागात सगळ्यात मोठा मतभेद लांडग्यांचा आहे. २०२० मध्ये कोलोरॅडोच्या मतदारांनी अगदी निसटत्या बहुमताने लांडगे परत आणायचं ठरवलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऑरेगॉनहून आणलेले दहा लांडगे सोडले गेले. मी त्या बाजूने मत दिलं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याबरोबर काम करणारे बरेच शिकारी विरोधात होते. २०२४ मध्ये पुन्हा माउंटन लायन आणि बॉबकॅट या रानमांजरांच्या कुळातल्या प्राण्यांच्या शिकारीवर बंदीचा प्रस्ताव मतदानाला आला आणि मतदारांनी तो फेटाळला. त्या वेळीही आम्ही दोन बाजूंना होतो. आम्ही सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवून लिहून ठेवली आहे: या गटाच्या नावाने लांडग्यांवर कुणीही काही बोलायचं नाही, स्वतःच्या नावाने हवं ते बोलायचं, आणि वर्तमानपत्रात पत्र देणार असाल तर आदल्या दिवशी बाकीच्यांना फोन करायचा. हा शेवटचा नियम सगळ्यात उपयोगी ठरला आहे. विरोधाचा राग माणूस विसरतो. सकाळी पेपर उघडून कळण्याचा राग विसरत नाही.

शिशाचा विषय मात्र मी टाळत नाही, कारण तिथे मन वळतं हे मी पाहिलं आहे. शिशाची गोळी प्राण्यात शिरल्यावर तिचे बारीक कण होतात. शिकारी मांस नेतो, आतडी-कोथळा तिथेच राहतो, आणि तो गरुड, कावळे, कॅलिफोर्नियात आणि ॲरिझोनात कॉन्डॉर हे प्रचंड गिधाड खातात. कॉन्डॉरच्या मृत्यूंचं हे सर्वात मोठं कारण आहे. आपल्या गिधाडांचं डायक्लोफेनॅकने जे झालं त्याच्याशी हे फार जवळचं आहे. तिथेही जनावरात माणसाने घातलेलं काहीतरी मढ्यातून पक्ष्यात गेलं, आणि २००६ मध्ये भारताने गुरांसाठी त्या औषधावर बंदी आणली तोवर फार उशीर झाला होता. कॅलिफोर्नियाने कायदा करून जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. ॲरिझोनाने दुसरी वाट धरली. २००५ पासून कॉन्डॉरच्या भागातल्या शिकाऱ्यांना राज्याच्या विभागाने बिनशिशाची काडतुसं फुकट दिली, आणि बहुतेकांनी ती आपखुशीने वापरली. आमच्याकडे मी एकदा गोळी लागलेल्या हरणाचा एक्स-रे टेबलावर ठेवला होता. जखमेपासून कितीतरी लांबपर्यंत मिठासारखे पांढरे ठिपके. गरुडाबद्दल मी बोलायच्या आधीच एकाने विचारलं, "म्हणजे माझ्या फ्रीझरमधल्या खिम्यातही?" त्याची नात तो खिमा खाते. पुढच्या सीझनला तो तांब्याच्या गोळ्या घेऊन आला आणि त्यानेच आणखी चौघांना सांगितलं. हे मी सांगितलं असतं तर कुणी ऐकलं नसतं. म्हणून हा विषय पहिल्या वर्षी काढू नका. दुसऱ्या वर्षी काढा, आणि शिकाऱ्याच्या तोंडून निघू द्या.

आणखी एक, जे दोन्ही बाजू नेहमी विसरतात. शिकारी म्हणतात आमच्या बापजाद्यांची जमीन, आपण म्हणतो सगळ्या जनतेची. वायव्य कोलोरॅडो युट लोकांचा होता, आणि १८८१ मध्ये त्यांना इथून उटाहला हाकलण्यात आलं. त्यांच्या वाटा, समाध्या, औषधी वनस्पतींच्या जागा याच पट्ट्यात आहेत. पत्राचा मसुदा झाल्यावर माहितीसाठी पाठवणं हा अपमान आहे. मसुदा सुरू करायच्या आधी त्यांच्या सांस्कृतिक वारसा विभागाला फोन करा.

पत्रात काय असावं? तत्त्वज्ञान नको. रस्त्यांचे क्रमांक असावेत. प्रत्येक क्रमांकापुढे बंद, हंगामी बंद की चालू, आणि का. शिकाऱ्यांची कारणं त्यांच्या शब्दांत, तुमची तुमच्या. एक नमुना अभ्यासण्यासारखा आहे: मोंटानाच्या रॉकी माउंटन फ्रंटचा. तिथे आधी २००६ मध्ये केंद्राच्या जमिनीवर नवे तेल-वायूचे पट्टे देणं बंद झालं. मग रँचर, शिकारी आणि रानप्रेमी मंडळी वर्षानुवर्षं एकत्र बसली आणि डिसेंबर २०१४ मध्ये कायदा झाला. ६७ हजार एकर नव्याने वाइल्डरनेस म्हणून राखले गेले, जिथे मोटार अजिबात नाही. त्याच्या तिप्पट, २ लाख ८ हजार एकरांना वेगळा दर्जा मिळाला: आहे ती चराई आणि शिकार चालू, नवे रस्ते नाहीत. रानप्रेमींपैकी काहींना ६७ हजार फार थोडे वाटले असणार. मला तो २ लाख ८ हजारांचा आकडा जास्त मोलाचा वाटतो, कारण तो जपायला गावातली प्रत्येक बाजू उभी राहते.

तुमच्या गटातल्या विरोधकांना हे सगळं सांगून पटवू नका. त्यांना कुंपणावर घेऊन या. आमचा पुढचा दिवस मे महिन्यातल्या एका शनिवारी असेल. जाड चामड्याचे हातमोजे लागतात, सुती चालत नाहीत. बाह्या लांब हव्यात, आणि तार कापताना दोघांनी दोन्ही टोकं पायाखाली धरायची, नाही तर ती सापासारखी उसळते.

शेवटी तुम्ही विचारलंय की ते जेवायला एल्कचं मटण पुढे करतील, तेव्हा काय करायचं. नको म्हणा. सरळ सांगा की मी खात नाही. मला स्वतःला चालतं, पण आमच्यातले तिघे खात नाहीत. पहिल्या वर्षी त्यांनी पाव आणि सफरचंदावर दिवस काढला. दुसऱ्या वर्षी त्या शिकारी बाईंनी पिकअपच्या मागच्या फळीवर दोन पातेली ठेवली, एकात एल्कची चिली, म्हणजे मसालेदार रस्सा, दुसऱ्यात राजम्याची. दोन्हींत वेगवेगळे डाव होते, आणि राजम्याच्या डावाला त्यांनी ओळखायला केशरी फीत बांधली होती.